पवनचक्कीचा पाया आणि गेनू

सन दोन हजार अठरा, ऐन वैशाख. सड्यावरच्या खडकमाचीत गेनू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा असे लोक तोंडावर म्हणत. माघारी वेगळा शब्द वापरत.

गावाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. गेनूचे मामा हैबतराव यांनी खाली काँक्रीटचा प्लांट टाकला आणि कर्ज काढून मिक्सर गाडी घेतली. पहिला पाया पवनचक्की कंपनीच्या साहेबांना पसंत पडला, तर पठारावरचे सगळे पाये मामांचे. नाही पडला, तर गाडी दारात उभी. आणि अशी गाडी चालवायला दिली कोणाला? गेनूला. का? तर बहिणीचा मुलगा.

"डिझेल वाया घालवू नकोस," मामांनी बजावले.

नमुन्याची खेप घेऊन गेनू निघाला. वाटेत चहाला उतरला. इंजिन बंद केले, ड्रम थांबला. गप्पा संपेपर्यंत माल आतच आवळला. माणसे ड्रममध्ये उतरवून छिन्नीने फोडावा लागला.

"गेन्या, थांबवलास की त्याचा दगड होतो. फिरवत राहायचं!"

"बरं, मामा."

मग त्याला ट्रॅक्टर देऊन सिमेंट आणायला धाडले. त्याने ट्रॅक्टर ठेवला, मिक्सर नेला. पोती ड्रममध्ये सोडली आणि घरापर्यंत फिरवत आणली. ड्रम आतून ओला. पोती फाटली, सिमेंटचे गोळे झाले.

"अरे बैला, सिमेंटला थेंब लागू द्यायचा नाही! कोरडं ठेवायचं, झाकून!"

"बरं, मामा."

मालाची ताकद बघायला साहेबांनी काँक्रीटचे ठोकळे पाडून पाण्याच्या हौदात ठेवले होते. गेनूने ते बाहेर काढले, टॉवेलने पुसले, वर ताडपत्री बांधली. हौदही उपसला.

साहेब म्हणाले, "हैबतराव, आता एक चूक झाली, तर काम शहरातल्या प्लांटला."

मामा गेनूवर धावले. "गाढवा, काँक्रीट पाण्यात राहिलं तरच पक्कं होतं!"

"ठोकळेच का, मामा?"

"सगळंच रे, सगळंच!"

"बरं, मामा."

पाया भरायचा दिवस आला. पाया एका दमात भरावा लागतो. साहेब वर खड्ड्यापाशी, मामा खाली प्लांटवर, आणि पठारावर फोनला रेंज नाही. गेनू खेप नेई, रिकामी गाडी घेऊन झटक्यात परत येई. वाटेत चहा नाही, गप्पा नाहीत. मामांच्या मनात आले, पोरगं सुधारलं.

दुपार टळल्यावर मामा ऐटीत वर गेले. साहेब कोरड्या खड्ड्याच्या काठावर बसले होते.

"हैबतराव, सकाळपासून एक खेप आलेली नाही."

तेवढ्यात गेनू घाम पुसत आला.

"माल कुठाय रे?" मामांचा आवाज चिरकला.

"गावतळ्यात. म्हशी हाकलून जागा केली, मामा. सगळा भिजत घातलाय. पक्का झाला की आणतो."

साहेब गाडीत बसून निघून गेले.

मिक्सर विकून आणि रस्त्यालगतची जमीन विकून हैबतरावांनी कर्ज फेडले.