अस्वलाचा पहिला आकडा

वडाची झाडंसुद्धा सकाळी उठून जोर काढत, त्या काळी डोंगरपायथ्याशी साळिंदर वस्तादांची तालीम होती. तिथे भल्यामोठ्या भोपळ्यावर पाठ टेकून, छातीशी दगड धरून, पोटाच्या बळावर उठायचं असे. वस्तादांनी असं एक तरी उठणं मोजल्याशिवाय तालमीची तांबडी माती अंगाला लावता येत नसे.

भुंगरू अस्वलाने सगळ्यात मोठा धोंडा उचलला. पाय हवेत, मान ताणलेली, श्वास कोंडलेला! बघायला जमलेली माकडं मोजत ओरडली, "चाळीस!" तेवढ्यात भोपळा घरंगळला आणि अस्वल धोंड्यासकट ओढ्यात धपकन पडलं.

"किती मोजले, वस्ताद?" नाकातलं पाणी झटकत त्याने विचारलं.

"एकही नाही. उठली ती मान, ओरडली ती माकडं. पोट तर झोपलेलंच होतं, बाळा."

अस्वल हिरमुसलं. मग त्याने मुठीएवढा दगड घेतला, पाय रोवले आणि श्वास सोडत ते हळूहळू वर आलं. पोट थरथरलं, भोपळा मात्र जागचा हलला नाही.

"एक," वस्ताद म्हणाले.

अस्वल तांबड्या मातीत इतकं लोळलं, की घरी आईने दारातच अडवलं, "कोण रे तू, कोल्ह्या?"

"आई," अस्वल छाती फुगवून म्हणालं, "एक!"