कुरव मुऱ्हाळी

शके सतराशे सदुसष्ट, महिना माघ, ऋतू शिशिर. त्या वर्षी समुद्रापासून फार दूर, माळावरच्या बोरथळ गावी, तळ्यावर एक पांढरा पक्षी उतरला. गावाने तसा पक्षी कधी पाहिला नव्हता. वाट चुकलेले पाखरू अशुभ, म्हणून लोक त्याच्यावर दगड भिरकावू लागले.

एकटी सगुणा त्याला ओळखत होती. तो कुरव होता. तिच्या माहेरच्या खाडीवर कुरवांचे थवे बसत. मिठाचे बैल हाकणाऱ्या रखमाजीने तिला कोकणातून सून करून आणले होते. माहेरी आता म्हातारी आई तेवढी उरली होती. माहेराहून न्यायला मुऱ्हाळी आल्यावाचून सुनेने वेस ओलांडायची नाही, अशी गावची रीत. आणि सगुणेला ना बाप, ना भाऊ. लग्नानंतर तिने आईचे तोंड पाहिले नव्हते.

ती बांधावर आडवी उभी राहिली. "दगड मारू नका. ह्यो माझा मुऱ्हाळी हाय."

बायका खळखळून हसल्या. सासू चिमाबाई म्हणाली, "अगं बया! मग भावाला जेवाय नको? पोळी चालंल, का बेडूक रांधू?" आणि थट्टेनेच तिने अंगणात पाट मांडला, ताट वाढले, वर तुपाची धार धरली.

असं म्हणतात, कुरव उडाला तो थेट त्या पाटावर येऊन बसला आणि पोळी खाऊ लागला. हसणे जागच्या जागी थांबले.

"मी आपली चेष्टा केली," चिमाबाई पुटपुटली.

रखमाजीने पागोटे सारखे केले. "पाट तूच मांडलास न्हवं? जेवू घातलेल्या मुऱ्हाळ्याला रिकामं धाडत न्हाईत. पोरीची ओटी भर."

असं म्हणतात, कुरव पुढे आणि सगुणा मागे, अशी ती घाट उतरली. ती दमली की तोही दगडावर टेकून थांबे. खाडीवर आई दारातच उभी होती.

होळीनंतर सगुणा परतली. तो कुरव मात्र पुन्हा आला नाही. दर माघात ती बांधावर उभी राहून पश्चिमेकडे पाहत राही. आई गेल्यावरही पाहत राही. एका माघात गावची दुसरी, तिच्यासारखीच बाप-भाऊ नसलेली सून तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. दोघींचे डोळे आभाळाला लागलेले पाहून चिमाबाईला राहवेना. तिने त्या दुसऱ्या सुनेचा हात धरला.

"पाखराची वाट किती बघशीला गं? चल पोरी, मी येते पोचवायला."

बोरथळात आजही, माहेरचे कुणी न्यायला येणार नसेल त्या सुनेला सासूच पोहोचवायला जाते, आणि निघताना सगुणेच्या नावाने तळ्याकाठी एक पोळी ठेवते. पंचांनी चावडीवर ही रीत कायमची ठरवली, तो दिवस माघ वद्य त्रयोदशीचा, असं म्हणतात.