हुकमाचा पाऊस

एका राज्यात, जमीन संपून समुद्राचाच अंमल सुरू होतो तिथे, एक चिमुकले बेट होते. बेटावर नदी नव्हती, ओढा नव्हता. विहीर खणावी तर खारे पाणी लागे. आकाश मात्र उदार होते. आषाढ लागला की काळे ढग बेटावर येऊन टेकत आणि पाऊस असा कोसळे की समोरचे माणूस दिसू नये. पण त्या पावसाची तऱ्हाच निराळी होती. तो रानावर पडे, खडकावर पडे आणि वाहून समुद्राला मिळे; माणसाच्या छपराला मात्र शिवत नसे. धार खाली येई, छपराच्या वीतभर वर थबके आणि हवेतल्या हवेत वळून निघून जाई. घागर पुढे करावी तर घागर चुकवी. ओंजळ धरावी तर बोटांमधून पळून जाई.

बेटाचा राजा अरिंजय. त्याच्या वाड्याच्या पोटात दगडी टाकी होती, आणि तिची किल्ली एकट्या राजाच्या कमरेला असे. दर पावसाळा सरला की त्या टाकीत मोत्यांची रास सापडे. ते मोती देऊन पैलतीराहून गोडे पाणी आणायचे, होडीत पिंपे भरून, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. मोती कुठून येतात हे कोणी विचारले नाही. पाऊस कुठे जातो हेही कोणी विचारले नाही.

राजाला एकच कन्या होती, कुवलया. तिला मात्र प्रश्न पडत. लहानपणी ती दाईला विचारी, "पाऊस आपल्यावर रुसला का गं?" दाई म्हणे, "तो पूर्वीपासून असाच." मोठी झाल्यावर तिने राजपुरोहितांना विचारले. तेही तेच म्हणाले, फक्त संस्कृतात.

एके वर्षी भर पावसाळ्यात पाण्याची होडी रिकामीच परत आली. होडीची तांडेल होती रुक्मा, वाऱ्याशी भांडून शीड वळवणारी बाई. ती ओल्या पायांनी दरबारात आली.

"महाराज, पैलतीरावर यंदा पाऊस नाही, झरा आटला. तिथलीच माणसे रांगेत उभी आहेत. मोती दाखवले तर हसली. म्हणाली, मोती काय चघळायचे?"

राजाने कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाला, "पिंपांत आहे ते पाणी पौर्णिमेपर्यंत पुरेल. त्यानंतर बेट सोडावे लागेल. मोती बरोबर घेऊ, दूर कुठे जमीन विकत घेऊ."

बाहेर धो धो पाऊस पडत होता. कुवलया खिडकीतून पाहत होती. वाड्याच्या कौलांवरून वळलेली धार पश्चिमेला निघाली होती. स्वयंपाकघरावरची धारही पश्चिमेला. पलीकडे कोळीवाड्यावरच्या साऱ्या धारा हवेत एकमेकींना मिळत होत्या आणि एक जाड, पारदर्शक दोर पश्चिमेच्या कड्याकडे ताणल्यासारखा दिसत होता.

"इतके पाणी जाते तरी कुठे?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता निघाली.

डोक्यावरच्या त्या वाहत्या दोराखालून चालत ती कड्यापाशी पोहोचली. तिथे खडकात एक घळ होती. घळीच्या तोंडाशी एक पाणकावळा पंख पसरून बसला होता.

"राजकन्ये," पाणकावळा म्हणाला, "तुमच्या पाण्याला आवर घाल. दरसाल माझे घरटे वाहून जाते."

"आमचे पाणी?"

"छपरे तुमची, मग पाणी कुणाचे? आत तो उभा आहे, त्याला विचार."

घळीत एक उंच पुरुष उभा होता. त्याच्या दाढीत शेवाळ वाढले होते, पायांना शिंपले चिकटले होते. उजवा हात वर होता, आणि त्या हाताच्या इशाऱ्याने सारा पाऊस वळून खडकातल्या भोकात शिरत होता.

"आपण कोण?" कुवलयेने विचारले.

"मी जलभेद. मांत्रिक."

"हा शाप आपण दिलात?"

"शाप नव्हे. मी हुकूम बजावतो आहे. तुझ्या पणजोबांच्या पणजोबांनी मला बोलावले. म्हणाले, प्रजेच्या छपरांवरचा, भांड्यांतला, ओंजळींतला थेंबन्‌थेंब माझ्या टाकीत आण. मी आणू लागलो. ते गेले. थांब म्हणायला कोणी आले नाही."

"मग मी म्हणते, थांबा."

"नुसत्या म्हणण्याने हात खाली येत नाही. तीन कामे करावी लागतील. या भोकातून आत जा आणि आत जे आहे त्यातले एक, एकच, घेऊन ये. दोन घेशील तर वाट मिटेल. मग ते ज्या छपराचे, त्याच छपराला परत कर. दुसऱ्याच्या छपरावर ठेवलेस तर ते विरून जाईल. शेवटी, ज्या वंशाच्या जिभेने हुकूम दिला त्या वंशाच्या राजाने तो मागे घ्यावा."

कुवलयेने पदर खोचला, श्वास रोखला आणि धारेबरोबर आत शिरली. पाण्याने तिला अंधारातून गरागरा फिरवत नेले. मग एकाएकी पाणी नाहीसे झाले आणि ती कोरड्या, गार, गोल खड्यांवर आपटली. डोळे उघडून पाहते तो काय, ते खडे म्हणजे मोती, आणि ती वाड्याच्या टाकीत होती. भोकातून येणारा थेंब हवेतच घट्ट होई आणि मोती बनून टपकन पडे.

"म्हणजे मोती ते पाणीच!" ती स्वतःशीच म्हणाली. आजवर तहानेने सुकलेली माणसे मोती देऊन पाणी आणत होती, आणि मोती म्हणजे त्यांचेच पाणी.

मोती कुजबुजू लागले. "मला ने." "मलाही ने. माझ्या घरात तान्हे मूल आहे." तिचा हात दुसऱ्या मोत्याकडे गेला. तो तिने ओठ चावून मागे घेतला, पायाशी पडलेला एक मोती मुठीत आवळला आणि भिंतीच्या खाचा धरत आल्या वाटेने वर चढली. बाहेर आली तेव्हा गुडघे सोलवटले होते.

आता हा मोती कुणाचा? उजेडाला धरला, काही दिसेना. हुंगला, वास येईना. मग तिने तो कानाशी लावला. आत पाऊस वाजत होता! कौलांवर खडा वाजतो तसा टणटण नव्हे, झावळ्यांत वारा वाजतो तसा सळसळ नव्हे. भरीव, घुमणारा, लाकडी आवाज. जणू कोणी ढोलकीवर बोटे वाजवीत आहे.

ती घरोघरी हिंडली. छपरे काठीने वाजवून पाहिली. माणसे दारात येऊन बघत राहिली. कोणी म्हणाले, तहानेने राजकन्येला भ्रम झाला. कुठलेच छप्पर तसे वाजेना. शेवटी किनाऱ्याच्या टोकाशी आली आणि थांबली. तिथे रुक्माचे घर होते. चार दगडी भिंती, आणि वर छप्पर म्हणून पालथी घातलेली जुनी होडी.

कुवलयेने होडीच्या बुडावर बोटे वाजवली. मोत्यातला पाऊस आणि तो नाद एक झाला.

"रुक्मामावशी, एक भांडे आण."

"राजकन्ये, भांड्यात घालायला काय आहे?"

"आण तर खरी."

कुवलयेने मोती होडीच्या पाठीवर ठेवला. तो थरथरला, विरघळला. थेंबाची धार झाली, धार फळ्यांवरून घरंगळत वळचणीशी आली आणि रुक्माच्या हंड्यात पडू लागली. हंडा काठोकाठ भरला. रुक्माने एक बोट बुडवून जिभेला लावले. ती वादळात कधी डगमगली नव्हती. आता तिने हंड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"माझ्या छपराचे पाणी," ती म्हणाली. "माझ्या स्वतःच्या छपराचे!"

तो हंडा दोघींनी मिळून दरबारात नेला. कुवलयेने घडले ते सारे सांगितले. राजाचा चेहरा उतरला. त्याने कमरेची किल्ली घट्ट धरली.

"कुवलये, हुकूम मागे घेतला तर टाकीतले सारे मोती पाणी होऊन जातील. खजिना रिकामा झालेला राजा कसला राजा?"

"आणि बेट रिकामे झालेला, बाबा?"

"पाऊस छपरांवर आलाच नाही तर? मोतीही गेलेले असतील. माझ्या माणसांना मी कोणत्या तोंडाने सामोरा जाऊ?"

तो घाबरला होता, हे कुवलयेला प्रथमच दिसले. तिने वाटी हंड्यात बुडवली आणि वडिलांपुढे धरली. राजाने घोट घेतला. तो पाणी नेहमी पिंपातले पीत आला होता, लाकडाच्या वासाचे, दिवसचे दिवस साठलेले. त्याने डोळे मिटले. मग सारी वाटी रिती केली.

"याला कसलीच चव नाही," तो नवलाने म्हणाला. "पाणी असे असते?"

"असे असते, महाराज," रुक्मा म्हणाली.

राजा उठला. भर पावसात तो शिडीने वाड्याच्या कौलांवर चढला आणि पश्चिमेकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "माझ्या पूर्वजांचा हुकूम मी मागे घेतो. ज्याचे छप्पर, त्याचे पाणी. जलभेदा, हात खाली कर!"

हवेतला तो दोर तुटला. मग कौले वाजली, झावळ्या वाजल्या, होडीचे बूड वाजले. बेटावरची माणसे दाराबाहेर आली आणि वर बघत उभी राहिली, कारण आपल्या घरावर पाऊस कसा वाजतो हे कोणी कधी ऐकलेच नव्हते. वाड्याखाली गडगडाट झाला. टाकीतला मोतीन्‌मोती पाणी झाला आणि दार ढकलून अंगणात लोटला.

पुढे लोकांनी पोफळी चिरून पन्हळी केल्या आणि वळचणींना बांधल्या. पहिल्या सरींनी छपराची धूळ, पाखरांची शीट धुऊन जाऊ द्यायची, मग पन्हळ रांजणाकडे वळवायची, हे ते चुकतमाकत शिकले. दारोदार झाकणाच्या टाक्या झाल्या. वाड्यातल्या टाकीचे कुलूप काढले आणि पायऱ्या बांधल्या. कुवलया घरोघरी जाऊन वाटी भरून घेई आणि विचारी, "तुमच्या पाण्याची चव झावळ्यांची का हो लागते?"

आणि जलभेद? हात खाली आला त्या दिवशी तो लंगडत रुक्माच्या दारी आला. तिने त्याला तांब्या दिला. तो उभ्यानेच प्याला, आणखी मागून प्याला. मग त्याने विचारले, "आता कुणाचा हुकूम?"

"कुणाचाच नाही, बाबा," रुक्मा म्हणाली. "भिजायचे तर भीज, बसायचे तर आत ये."

मांत्रिकाने थोडा विचार केला. मग तो पावसात जाऊन उभा राहिला, आणि दाढीतले शेवाळ धुऊन निघेपर्यंत हलला नाही.

त्या बेटाच्या छपरांवर वाजला तसा पाऊस ऐकणाऱ्यांच्याही छपरांवर वाजो, आणि दारचा रांजण कधी रिता न राहो.