दगड झालेली नदी आणि तीन माणके

एका राज्यात, नद्या माणसांची आज्ञा पाळीत त्या काळी, इंदुलेखा नावाची राणी होती. तिचे वडील राजा धर्मकेतू दर दुपारी घाटावर बसत आणि कोळ्यांना, कुंभारांना नाना गोष्टी विचारीत. ते गेले, आणि त्या दुपारी लोकांच्या आठवणीत तेवढ्या उरल्या.

इंदुलेखेच्या राज्याभिषेकाला कालकंठ मांत्रिक आला. त्याने तीन माणकांचा मुकुट पुढे केला.

"हा धारण करा, राणीसाहेब. कुणाला काही विचारावे लागणार नाही."

तसेच झाले. राणी केवळ आज्ञा देऊ लागली. एकदा तिने नदीला फर्मावले, "वळ, माझ्या महालाखालून वाहा!" वृद्ध प्रधान नागदेव बोलू गेले, तर त्यांना हद्दपार केले. नदी वळली आणि वळता वळता काळ्या दगडाची झाली, लाटा-माशांसकट. मुकुट डोक्यावरून निघेना.

तेव्हा धर्मकेतूंनी पाळलेली बोलकी साळुंकी खिडकीत बसून म्हणाली, "बाळ, ज्यांची उत्तरे ठाऊक नाहीत असे तीन प्रश्न विचार. प्रत्येकासरशी एक माणिक गळेल. तिन्ही गळाली की या मुकुटाचा शाप सुटेल."

राणी पायी निघाली. मेंढपाळ भेटला. लाजेने तिचा चेहरा तापला. "माझ्या राज्यातली ही नदी उगवते कुठे?"

"त्या निळ्या डोंगरात. चला, दाखवतो." पहिले माणिक गळाले.

घाटावर नावाडीण सगुणा उलट्या नावेपाशी बसली होती. "नदी थांबल्यावर तुझी चूल कशी पेटते?"

"पेटत नाही, राणीसाहेब." दुसरे माणिक गळाले.

नागदेव राज्याच्या सीमेवर, दगडी पात्राच्या मधोमध बसले होते. राणी त्यांच्यासमोर खाली बसली.

"प्रधानजी, त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचे होते?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "कुणी विचारील, असे वाटले नव्हते." मग ते सांगू लागले. नदीच्या जुन्या वाटेवर सात गावे होती. एकेकाचे नाव घेत, तिथल्या विहिरी, तिथली माणसे ते सांगत होते.

तिसरे माणिक गळाले. मुकुटाची राख झाली. दगड मऊ पडला, मासे सळसळले, नदी आपल्या जुन्या वाटेला लागली.

पाणी गुडघ्यांपर्यंत चढले. नागदेव चौथ्या गावाशी आले होते. राणी जागची हलली नाही.

"आणि पाचवे?" ती म्हणाली.