गेनूने दिलेली गोड बातमी

डोंगराखालच्या एका गावात एक भोळा राहायचा. नाव गेनू. सांगितलेलं काम तो जीव लावून करायचा. तीच तर पंचाईत होती.

एके दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीला, हौसाला, बघायला पाहुणे यायचे होते. दोन स्थळं आधीच परत गेली होती. आई सकाळपासून चुलीपुढे होती.

"गेन्या, दुकानातून गोडं तेल आण. पळ!"

गेनूने तेल आणलं. वाटेत बोट बुडवून चाटलं. गोड कुठंय? मग त्याने त्यात गूळ कालवला. आईने पोह्यांची फोडणी टाकली, तर कढईत काळा चिकट गोळा.

"अरे येड्या, गोडं तेल म्हणजे खायचं तेल! गोड म्हटलं की गूळ-साखर घालायची नसते!"

"बरं," गेनू म्हणाला.

पोहे गेले. आईने शिरा टाकला आणि हौसाला साडी नेसवायला आत पळाली. जाताना म्हणाली, "शिरा चांगला गोड कर रे!"

गेनूने साखरेचा डबा उचलला आणि माळ्यावर ठेवून दिला.

पाहुणे आले. शिरा खाल्ला. एकमेकांकडे बघितलं आणि भरपूर पाणी प्याले.

आईने गेनूला आत ओढलं. "अरे, आधी चाखावं! चाखल्याशिवाय गोड आहे का नाही, कळणार कसं?"

"बरं."

मुलाच्या आईच्या मांडीवर तिचा नातू होता. गुबगुबीत. विषय बदलावा म्हणून आई म्हणाली, "किती गोड आहे हो बाळ!"

गेनू उठला. वाकला. बाळाचा गाल चाटला.

"नाही गं आई. खारट आहे."

बाळाने भोकाड पसरलं. आईने गेनूला पुन्हा आत नेलं. "लोकांच्या गोड गोष्टीला नाही म्हणू नये! चारचौघांत मोठ्यानं सांगावी!"

"बरं."

पण हौसा सगळ्यांना मनापासून आवडली होती. उठताना मुलाची आई हसून म्हणाली, "घरी मोठ्यांशी बोलतो आणि लवकरच गोड बातमी देतो."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसा दाराआड लाजली.

आणि गेनू अंगणात धावला. समोरच्या आडावर बायका पाणी भरत होत्या.

"ऐका हो! आमच्या हौसाकडे गोड बातमी आहे!"

शेजारच्या चंपाकाकूच्या हातून कळशी सुटली. "अगं बाई! लग्नाआधीच? कितवा महिना रे?"

पाहुणे ओसरीवर थिजले. आई "गेन्या, गप!" म्हणेपर्यंत गेनू बोटं मोजायला लागला होता. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ... सावकाश, एकही न चुकता, तो चालू महिन्यापर्यंत पोचला. मार्गशीर्ष.

मग मान वर करून तो सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला,

"नववा!"