आधी चिंधी

एकदा एका वृद्ध रंगाऱ्याच्या दारात, परदेशात शिकून गावी परतलेली एक तरुणी आली. तिच्या ओंजळीत कीबोर्डच्या बटणांच्या टोप्या होत्या. पिवळ्याधमक, पण वेड्यावाकड्या झालेल्या.

गावात ती संगणकाचा वर्ग चालवीत असे. तिची विद्यार्थिनी प्रणिता हिची दृष्टी अधू. पांढऱ्या बटणांची चमक तिला सोसत नसे, अक्षरे त्यात हरवून जात. पिवळ्यावरचे काळे अक्षर मात्र ओळखू येई. नोकरीची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि स्वतःचा कीबोर्ड नेण्याची परवानगी तिला मिळाली होती.

तरुणीने घरीच पॉलिएस्टरचा पिवळा रंग पाण्यात खळखळून उकळला. जी अक्षरे सर्वांत जास्त लागतात, ती सर्वांत आधी, या ओढीने तिने मधली अख्खी ओळ त्यात सोडली. रंग चढला, पण टोप्या वाकल्या. एकही जागेवर बसेना. आता तशाच एका बंद पडलेल्या कीबोर्डच्या बटणांचा शेवटचा संच उरला होता, तोही तिने सोबत आणला होता.

वृद्धाने एक टोपी उजेडात फिरवून पाहिली. "तिकडे सगळं उकळायलाच शिकवतात काय गं पोरी?"

मग त्याने विचारले, या उरलेल्या संचातली कोणाला कधीच न लागणारी बटणे कोणती? तिने गोंधळून तीन काढून दिली. त्याने पातेले चुलीवर ठेवले आणि त्यातले एकच बुडवले. ते फिके निघाले. दुसऱ्या दिवशी आच वाढवून दुसरे बुडवले. त्याची कड किंचित मुडपली. दिवस सरत होते आणि म्हातारा निरुपयोगी बटणांशी खेळत होता. तरुणीचा जीव टांगणीला लागला. तिने एकदा बोलून दाखवले, तर त्याने तिच्याच हाती फुंकणी दिली.

तिसऱ्या दिवशी तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरले, तसा त्याने जाळ ओढून घेतला आणि तिसरे बटण सावकाश मुरू दिले. ते हळदीसारखे उजळ निघाले आणि 'टक्' करून जागेवर बसले.

"बाबा, परीक्षा तोंडावर असताना तीन दिवस यात का घातलेत?" तिने विचारले.

"आमच्यात नवरीचा शालू नव्या रंगात पहिल्यांदा कोणी बुडवत नाही. आधी चिंधी. तुझी माया मोठी, म्हणून तू शालूच आधी टाकलास. पण पातेल्याला माया कळत नाही, त्याला आच कळते. ती किती, हे चिंधीला विचारायचं. तिचं काही बिघडत नाही, म्हणून ती खरं सांगते."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तरुणीने उरलेला संच स्वतःच्या हाताने रंगवला.

सकाळी प्रणिता कीबोर्डपुढे बसली. नाक बटणांना न टेकवता तिने आपले नाव लिहिले, मग आईचे, मग गावाचे. थोडी थांबून म्हणाली, "ताई, कोपऱ्यातलं एक फिकं राहिलंय."

"राहू दे," तरुणी म्हणाली. "बाकीची त्यानेच वाचवली."

ज्याच्यासाठी जीव तुटतो, त्याच्यावर पहिला प्रयोग करू नये.