झाकलेली धूळपाटी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनो, ऐका, आणि थोरांनो, तुम्हीही कान द्या, कारण यातला घोळ तुमच्याही घरात चालतो.

एका वनात गोष्टी लिहायला शिकवणारी पाठशाळा होती. शिष्य धूळपाटीवर लिहायचे, म्हणजे फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने अक्षरं काढायची. संध्याकाळी गोष्ट गुरुजींना वाचून दाखवायची नि पाटी पुसून टाकायची. गोष्ट अर्धी राहिली, तरच पाटी झाकून ठेवायची मुभा होती. वर्षअखेरीस जो एका दिवसात अख्खी गोष्ट लिहील, त्याला गुरुजी बोरू आणि कागद द्यायचे. मग तो खरा लेखक!

मैनावतीला तो बोरू हवाच होता. म्हणून तिने ठरवलं, पहिलं वाक्यच असं लिहायचं की गुरुजी थक्क झाले पाहिजेत. सकाळी ती वाक्य लिहायची, दुपारी त्यातला एक शब्द पुसायची, संध्याकाळी तोच शब्द परत आणायची आणि पाटी झाकून ठेवायची. ऋतू पालटले, वाक्य काही पुढे सरकेना. गुरुजी हे सगळं बघायचे.

शेजारी बसणारा धोंडू मात्र रोज एक गोष्ट लिहायचा, रोज सगळ्यांसमोर हसं करून घ्यायचा आणि पाटी पुसून मोकळा व्हायचा. "काय बाई ही घाई!" मैनावती मनात म्हणायची.

परीक्षेचा दिवस उजाडला. मैनावतीने आपलं राणीवरचं वाक्य झोकात लिहिलं. पण पुढे काय? राणी नदीवर गेली? की गेलीच नाही? तिला काही सुचेना. बघता बघता सूर्य कलला. धोंडूची गोष्ट तर केव्हाच लिहून झाली होती.

संध्याकाळी गुरुजींनी दोघांना विचारलं, "वर्षभरात तुमच्या लिहिण्यात काय फरक पडला?"

धोंडू डोकं खाजवत म्हणाला, "आधी माझ्या गोष्टीत सगळे राक्षस सुरुवातीलाच मरायचे. पुढे लढायला कुणी उरायचंच नाही. आता एखादा राखून ठेवतो."

मैनावती पार गोंधळली. "मला काही कळतच नाही, गुरुजी. मी तर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसायचे. मग मी पुढे का गेले नाही? की गेले, आणि मलाच दिसत नाहीये?"

"बसलीस खरी, पोरी. पण चुकलीस कुठे, सांग बघू?"

तिला एकही चूक आठवेना. बोरू धोंडूला मिळाला. मैनावतीला पुन्हा पहिल्या रांगेत, चिमुरड्यांच्या शेजारी बसावं लागलं. तिला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी तिने रागारागाने अख्खी गोष्ट लिहून काढली आणि वाचायला घेतली. अर्ध्यावर गुरुजी चक्क घोरू लागले!

"गुरुजी!" ती ओरडली. "गोष्टीत कुठे झोप लागली तुम्हाला?"

"राणीचे दागिने चालले होते ना, तिथे," गुरुजी डोळे चोळत म्हणाले. "संपले का गं?"

मैनावतीचा चेहरा आधी पडला, मग तिला हसू फुटलं. आपण कुठे चुकलो, ते वर्षभरात पहिल्यांदाच तिला कळलं होतं. तिने पाटी पुसली आणि बिनदागिन्यांची नवी राणी लिहायला घेतली.

तात्पर्य: एकच ओळ घासत बसणाऱ्याचा नुसता वेळ जातो, वाईट का होईना, गोष्ट पुरी करणाऱ्याचं लिहिणं वाढतं.